वायर यंत्राला, ग्राहकाला काय?

सिंगापूरच्या फुनान मॉलमध्ये किंवा सिम लिम स्क्वेअरमध्ये हाताळायला मांडलेले लॅपटॉप पाहा. पोलादी वायर, अलार्म, डोक्यावर कॅमेरा. यंत्र चोरीला जाऊ नये याचा चोख बंदोबस्त. पण त्या यंत्रात कोण काय घालून गेलं, हे कोण बघतं?

२०११ साली काइल मॅकडोनाल्ड या कलाकाराने न्यूयॉर्कमधल्या ॲपलच्या दुकानांतल्या डेमो संगणकांवर आपला प्रोग्रॅम चढवला. स्क्रीनकडे बघणाऱ्या ग्राहकांचे चेहरे टिपून तो त्याच्याकडे पाठवत राहिला. हेतू कलेचा असेल. त्या माणसांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्याआधी त्याच शहरात किंकोजच्या झेरॉक्स दुकानांत एकाने टाइप केलेली प्रत्येक कळ टिपणारा की-लॉगर बसवून साडेचारशेहून जास्त पासवर्ड गोळा केले होते. २००३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

सिंगापूरचा संगणक गैरवापराचा कायदा १९९३ पासून आहे. परवानगीविना संगणकात फेरफार केला तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कायदा कडक आहे, पण पासवर्ड गेल्यावर कामाला येणारा.

मध्यंतरी इथल्याच एका दुकानात मी डेमो लॅपटॉपवर ब्राउझर उघडला, तर समोर कुणा अनोळखी बाईंची मेल. विमानाचं तिकीट, बँकेचं पत्र, सगळं उघडं. मी लॉगआउट केलं आणि ब्राउझरने जपून ठेवलेला पासवर्डही पुसला. हे काम दुकानाचं होतं.

उपाय जुनेच आहेत. ग्राहकाला ॲडमिनचे अधिकार नसलेलं खातं, बायोसला पासवर्ड, पेन ड्राइव्हवरून बूट बंद. डीप फ्रीझसारखा प्रोग्रॅम असला की रीस्टार्ट करताच यंत्र मूळ पदावर येतं. पण रात्री एकदा पुसून भागत नाही. दिवसभरात किती हात लागतात! दोन-चार मिनिटं कुणी हात लावला नाही की यंत्राने आपोआप स्वच्छ व्हावं. डेस्कटॉपच्या मागे की-बोर्डच्या वायरीत काही अडकवलंय का, हे मात्र माणसानेच वाकून बघायला हवं.

काही दुकानं सगळंच कुलूपबंद करून नुसती जाहिरात फिरवत ठेवतात. तेही मला पटत नाही. हजार-दीड हजार डॉलर मोजणाऱ्याला चार ओळी टाइप करून बघता आल्याच पाहिजेत.

आणि किमतीच्या कार्डावर इंग्रजी, चिनी, मलाय, तमिळ अशा चारही भाषांत एवढं छापा: इथे स्वतःचा पासवर्ड टाकू नका.