चाकासाठी स्थळ

माझ्या दादानं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी दोनच माणसं बसतील अशी मोटार घेतली, तेव्हा आमच्या घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांची कर्जं मंजूर करणारा हा माणूस. स्वतःसाठी त्यानं कधी हप्त्यावर पंखासुद्धा घेतला नव्हता. आणि एका संध्याकाळी दारात उभी काय, तर चंदेरी रंगाची पॉर्शे बॉक्स्टर! जुनी, २००७ सालची, दोन मालकांच्या हातून आलेली. पण पॉर्शे ती पॉर्शे. नातवंडांना बसायला जागा नाही, छप्पर कापडाचं, आणि इंजिन कुठं आहे ते शोधायला पुस्तक उघडावं लागतं.

"अहो, पण ही घेतलीत कशाला?" वहिनींनी विचारलं.

"तुला शेजारी बसवायला," दादा म्हणाला.

वहिनी यावर काही बोलल्या नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला रुमाल बांधून त्या गाडीत बसल्या, हे साऱ्या सोसायटीनं पाहिलं.

गेल्या वर्षी याच पानावर मी प्रेशर कुकरच्या शिट्टीविषयी लिहिलं होतं. यंदा एकदम पॉर्शे पाहून वाचक दचकतील, याची मला कल्पना आहे. पण माझा इलाज नाही. माझी नोकरी सगळी फौंड्रीत गेली, आणि आमच्या नात्यात कुठल्याही धातूच्या वस्तूला काही झालं की ती माझ्याकडं येते. पातेल्याचा कान असो, देवघरातली घंटा असो, नाहीतर पॉर्शेचं चाक असो.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात दादाची गाडी एका खड्ड्यात आदळली. रस्त्याचं नाव सांगत नाही. पुण्यात ज्याला त्याला तो आपल्याच घराजवळचा वाटेल. खड्डा पाण्यानं भरलेला, त्यामुळं तो खड्डा आहे हे आत गेल्यावरच कळलं. वरून पाहता काहीच झालं नव्हतं. पण पुढं दर तीन दिवसांनी एका टायरात हवा भरावी लागू लागली, आणि जरा वेग घेतला की सुकाणू हातात थरथरे. पंक्चरवाल्यानं टायर तपासला. खिळा नाही, काच नाही. शेवटी त्यानं साबणाचं पाणी फिरवलं, तेव्हा बुडबुडे रबरातून न येता चाकाच्या आतल्या काठावरून आले. तिथं दीड-एक इंचाची चीर होती. उभ्या माणसाला कधीच दिसू नये अशा जागी.

ही गोष्ट दादानं मला सांगितली नाही. त्यानं नाना पेठेच्या बाजूला एक वेल्डिंगवाला गाठला, चीर भरून घेतली, वर रंग मारून घेतला, आणि मग विजयी मुद्रेनं ते चाक माझ्या ओसरीत आणून ठेवलं. "बघ, कळतसुद्धा नाही!"

खरोखरच कळत नव्हतं. काम हलक्या हाताचं नव्हतं. पण फौंड्रीतली सवय जाता जात नाही. माझ्याकडं चिरा पाहायचा लाल रंग असतो. सांधा घासून, पुसून, त्यावर हा पातळ रंग मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचं. चीर केसाएवढी असली तरी रंग तिच्यात ओढला जातो. मग वरचा रंग साफ पुसून पांढरी पूड फवारायची. आत लपलेला रंग पूड शोषून घेते आणि चीर आपण होऊन बाहेर येते. चहा होईपर्यंत आम्ही बसलो. सांध्यावर काही उमटलं नाही. पण सांध्यापासून बोटभर अंतरावर, पांढऱ्या पिठावर कुंकवाची रेघ ओढावी तशी, एक नवीच रेघ हळूहळू उमटली.

दादा बराच वेळ त्या रेघेकडं पाहत राहिला. मी विचारलं, "हे चाक कुठल्या बाजूचं?"

"पुढचं. डावं."

आपल्याकडच्या गाडीचं सुकाणू उजवीकडं. पुढच्या डाव्या चाकामागं कोण बसतं, हे मी बोललो नाही आणि त्यालाही बोलावं लागलं नाही. चहा तसाच निवला.

वेल्डिंगवाल्याला मी दोष देणार नाही. दोष असलाच तर कृतीत आहे. ही चाकं म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम नव्हे. त्यात बहुधा सात-एक टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. ओतल्यानंतर चाक भट्टीत सुमारे ५४० अंशांपर्यंत काही तास तापवतात, पाण्यात झटकन निववतात, आणि मग दीडशेच्या वर मंद आचेवर पुन्हा काही तास ठेवतात. लोणचं मुरवावं तसं. त्या मुरण्यानं त्याच्या अंगी बळ येतं. आता एखाद्या जागी वेल्डिंगची ज्योत धरली, की तेवढ्या भागातलं मुरवण सगळं उतरून जातं. पाणी दिलेली छिन्नी चुलीत घातल्यासारखं. सांधा पक्का, पण सांध्याच्या शेजारचा धातू मऊ. आणि गाडी पुढचा खड्डा खाते तो तिथंच. पोलादी पत्र्याचं चाक बिचारं वाकतं, हातोड्यानं सरळही होतं. ओतीव अलॉय फारसं वाकत बसत नाही.

तेव्हा नवं चाक घेणं आलं. आणि एकच घ्यायचं, तर तसंच दुसरं मिळेना, म्हणून चारही. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघे भाऊ, एकूण वय एकशे तेवीस, चाकांच्या दुकानांतून हिंडत होतो.

दुकानात भिंतभर चाकं टांगलेली असतात. काळी, सोनेरी, दहा आऱ्यांची, वीस आऱ्यांची. दादाचं मन बसलं ते एकोणीस इंची एका जोडावर. दिसायला हुबेहूब पॉर्शेचंच, किंमत मात्र निम्म्याहून कमी. मी दुकानदाराला म्हटलं, "जरा उलटं करा." त्याला नवल वाटलं. उलटं केलं, तर पाठ कोरी! चाकाची खरी ओळख पाठीवर असते. तिथं मापं कोरलेली असतात, कुणी आणि कधी ओतलं ते असतं, किती वजन पेलेल ते असतं. जपानी चाकावर जेडब्ल्यूएल ही अक्षरं, जर्मन बाजारासाठी असलेल्या चाकावर केबीए आणि पुढं नोंदणीचा आकडा. जपानी कसोटीत चाक तेरा अंशांत तिरकं ठेवून त्याच्या काठावर वजन आपटतात, म्हणजे थोडक्यात आमच्या रस्त्याची नक्कल करतात. कोरी पाठ म्हणजे या सगळ्याबद्दल मौन.

त्या रात्री जेवताना मी दादाला मापं समजावत होतो. बॉक्स्टरच्या चाकाला पाच बोल्ट, आणि ते १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. बऱ्याच मर्सिडीज आणि औडी गाड्यांचं वर्तुळ ११२ चं. मधलं भोक ७१.६ चं, ते हबवर घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर चाक मध्यात येत नाही आणि थरथर चालूच राहते. बोल्टची बैठकही गोलाकार हवी. निमुळता बोल्ट घातला तर तो नुसत्या रेषेवर टेकतो आणि सुटत जातो. आणि सगळ्यांत फसवं माप ईटी. चाक हबला जिथं टेकतं ती जागा रुंदीच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हे माप. दादाच्या पुढच्या अठरा इंची चाकाचं ईटी ५७. दुकानातलं चाक होतं ४५ चं. म्हणजे तेवढ्याच रुंदीचं चाक बारा मिलिमीटर बाहेर येणार. बेअरिंगवर ताण वाढणार, सुकाणू खड्ड्यागणिक हिसके देणार, आणि टायर एखाद्या वळणावर मडगार्डला घासणार.

वहिनी वाढता वाढता ऐकत होत्या. म्हणाल्या, "भावजी, आमच्या वेळेला छत्तीस गुण पाहिले होते. तुमच्या चाकाचे किती जुळावे लागतात?"

"सगळे," मी म्हटलं. "इथं शांत करून भागत नाही."

"आणि मोठं चाक कशाला हवंय ह्यांना?"

हा प्रश्न पंधरा दिवसांत आम्हा दोघांपैकी कुणाला सुचला नव्हता. मी पानाशेजारी कागद घेतला. दादाच्या पुढच्या टायरवर २३५/४० आणि १८ असं लिहिलेलं आहे. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, आणि रबराची भिंत तिच्या चाळीस टक्के, ९४ मिलिमीटर उंच. एकोणीस इंची चाकावर २३५/३५ चा टायर बसतो. त्याची भिंत ८२. टायरसकट चाकाची एकूण उंची दोन्हीकडं जवळजवळ तीच राहते, दोन मिलिमीटरचा फरक. त्यामुळं वेगाचा काटा फसत नाही. फसतो तो खड्ड्याशी होणारा व्यवहार. बारा मिलिमीटर रबर गेलं आणि त्या जागी धातू आला. वर मोठं चाक बहुधा जड. गाडीचं धड स्प्रिंगवर असतं, चाक मात्र स्प्रिंगच्या खाली. ते जड झालं की उडाल्यावर रस्त्यावर परत टेकायला उशीर करतं. गमबूट घालून लंगडी घालून पाहावी, म्हणजे कळेल.

अलॉयचा शोध लागला तो या हलकेपणासाठीच, चकाकीसाठी नव्हे. १९२४ साली फ्रान्समध्ये लियोंच्या शर्यतीत एत्तोरे बुगाट्टीनं आपली टाइप ३५ उतरवली, तिची चाकं ओतीव ॲल्युमिनियमची होती. आठ चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला. पॉर्शेनं १९६६ मध्ये ९११ एस साठी ओटो फुक्स या जर्मन कारखान्याची पाच पाकळ्यांची चाकं घेतली, ती घडीव. ओतीव आणि घडीव यांत फरक धिरड्याचा आणि पोळीचा. धिरडं ओतलं की झालं. पोळीला मळणं, तिंबणं, दाबून लाटणं आहे, म्हणून ती पातळ असूनही फाटत नाही. मी जन्मभर धिरडीच घातली, पण खरं ते सांगितलं पाहिजे. घडीव चाकांची किंमत ऐकून मात्र दादा पानावरून उठला.

मी गाडीचं पुस्तक मागून घेतलं. त्यात जे सापडलं ते आधीच पाहायला हवं होतं. दादाची गाडी २.७ लिटर इंजिनाची साधी बॉक्स्टर. तिला कारखान्यातून मुळात सतरा इंची चाकं येत. पुढं २०५/५५, मागं २३५/५०. अठरा इंची ही पहिल्या मालकाची हौस. पुढच्या सतरा इंची टायरची भिंत ११३ मिलिमीटर! म्हणजे दादाच्या मनातल्या चाकापेक्षा तीन सेंटिमीटर जास्त रबर. शिवाय मूळ मापच असल्यानं कायद्याचीही कटकट नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, निर्मात्याच्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही.

"लहान चाकं?" दादाचा चेहरा पडला. "पॉर्शेला? लोक काय म्हणतील?"

"लोक बाहेरून बघतात," वहिनी म्हणाल्या. "मी आत बसते."

ती लाल रेघ दादानं वहिनींना सांगितली होती की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण त्यानंतर तो एकोणीस इंचांचं नाव काढेना.

मूळ सतरा इंची चार चाकं मुंबईच्या एका गृहस्थांच्या गच्चीवर मिळाली. त्यांनी गाडी घेतल्याच्या आठवड्यातच मोठी बसवून ही पोत्यात बांधून ठेवली होती. पोत्यात एका चाकामध्ये चिमणीचं जुनं घरटं निघालं. मी चारही चाकं उलटी करून पाठी वाचल्या, आणि तिथंच सतरंजीवर लाल रंग आणि पांढरी पूड काढून बसलो. गृहस्थांना वाटलं, काही पूजा आहे. चारांपैकी एकावरही रेघ उमटली नाही. पुण्यात आल्यावर ओळखीच्या लेथवर फिरवून डायल लावली. एक चाक किंचित हललं, पण चालण्यासारखं. नवे टायर, नव्या वाल्व, आणि बोल्ट आवळायला अंदाजाचा लांब पाना नाही, तर मोजून आवळणारा टॉर्कचा पाना. हे मात्र मी उभं राहून करून घेतलं. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासूनही घेतलं. दुकानातला पोरगा मला कंटाळला असावा.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दोघं वाईपर्यंत जाऊन आली. सुकाणू थरथरलं नाही. वहिनींचं मत, गाडी आता "जरा माणसात आली". दादाचं मत, वळणावर पूर्वीइतकी करकचून धरत नाही. दोघांचंही बरोबर आहे.

चिरलेलं चाक भंगारात द्यावं, असा माझा आग्रह होता. उगाच कुणाच्या गाडीला लागायला नको. पण मध्यमवर्गीय घरातून वस्तू अशी सहजासहजी जात नाही. वहिनींनी त्या काठावर माझ्याकडून करवतीनं आरपार खाच पाडून घेतली, म्हणजे ते पुन्हा चाक होणारच नाही. आणि वर गोल काच टाकून दिवाणखान्यात तिवई केली. खाच भिंतीकडं. यंदाचा फराळ आम्ही त्याच्यावरच खाल्ला. चकलीचा चुरा मात्र आऱ्यांमधून खाली पडतो, आणि तो काढायला काच उचलावी लागते.