आधी विचारा, मग पाहा

सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्याला सगळे एकच प्रश्न विचारतात, "काय काय पाहिलेस?" "कोण कोण भेटले?" असे मात्र कोणी विचारत नाही. आपल्या सहलींत जी उणीव राहते, तिचे मूळ मला इथेच दिसते.

गेल्या हिवाळ्यात आमची सहल मालवणला गेली. आलापल्ली राज्याच्या पूर्व टोकाला, तर मालवण पार दक्षिणेच्या किनाऱ्यावर. सागाच्या जंगलात वाढलेल्या आम्ही मुलींनी समुद्र प्रथमच पाहिला. क्षणभर कुणीच बोलेना. मग होडीने सिंधुदुर्गावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. महाराजांच्या हातापायांचे म्हणून जपलेले चुन्यातील ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर, खाऱ्या पाण्याच्या वेढ्यातही गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी, सारे तासाभरात आटोपले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या बारा किल्ल्यांत हा एक, हेही वहीत टिपले.

संध्याकाळी किनाऱ्यावर एक वृद्ध कोळीण मासळी निवडत बसली होती. मागे माड, होड्या, बुडता सूर्य. मी चटकन मोबाइल काढून फोटो घेतला. ती मान वर न करताच म्हणाली, "काय गो, फोटो काढलंस, पण माका इचारलंस काय?"

मी जागच्या जागी थिजले. मला माझी आजी आठवली. काही वर्षांपूर्वी चैत्रात ती पहाटे मोहफुले वेचत होती. हेमलकसा, भामरागडकडे निघालेली एक गाडी थांबली. चार माणसे उतरली, आजीचे फोटो काढले, "किती साधे जीवन!" म्हणाली आणि निघून गेली. तिचे नाव कोणी विचारले नाही. आजी दिवसभर गप्प होती. त्या माणसांचा मला किती राग आला होता! आज मालवणात मी तेच केले होते.

मी माफी मागितली आणि फोटो पुसून टाकला. "बस," ती म्हणाली. मग तिने मला रापण समजावून दिली. होडीने समुद्रात अर्धगोल जाळे टाकायचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून ओढायची आणि मासळीचे वाटे करायचे. आता मोठ्या यांत्रिक नौका मासळी आधीच उपसून नेतात, असे तिचे दुःख. पावसाळ्यात मासेमारी बंद, त्याच दिवसांत किल्ल्याच्या होड्याही बंद. तिचा मुलगा पर्यटकांना होडीतून नेतो, म्हणून पर्यटक नकोत असे ती मुळीच म्हणाली नाही. तिला हवे होते ते एवढेच, की येणाऱ्याने तिला माणूस म्हणून ओळखावे.

समुद्राची नस जाणणाऱ्या अशाच माणसांवाचून सिंधुदुर्ग उभा राहिला असता काय? आणि आपण किल्ल्याला नमस्कार करतो व त्या माणसांकडे पाठ फिरवतो!

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. इटलीतील व्हेनिस शहराने २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. शुल्काने गर्दीला थोडा आळा बसेलही, पण पाहणाऱ्याची नजर कशी बदलणार? ती शिक्षणानेच बदलेल, आणि सहल हा शिक्षणाचाच भाग आहे.

म्हणून प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. पुढील सहलीत दोन स्थळे कमी करा, पण अर्धा दिवस एका गावात थांबू द्या. प्रत्येकाने एका तरी माणसाशी बोलावे, परवानगीवाचून फोटो काढू नये आणि सहलीच्या अहवालात त्या माणसाचे काम लिहावे.

उद्या मालवणची मुले आमचे 'वनवैभव' पाहायला येतील. तेथील उंच साग त्यांनी डोळे भरून पाहावेत. पण वाटेत मोह वेचणारी कुणी आजी दिसली, तर आधी तिच्याजवळ दोन घटका बसावे. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.