वरच्या संघात केव्हा पाठवायचे?



२८ एप्रिल २०२५ रोजी जयपूरला वैभव सूर्यवंशीने आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकले. त्या दिवशी त्याचे वय चौदा वर्षे आणि एक महिना होते. तेव्हापासून माझ्या कार्यालयात येणाऱ्या पालकांची भाषाच बदलली आहे. पूर्वी विचारत, "मॅडम, खेळापायी अभ्यास बुडणार तर नाही ना?" आता विचारतात, "मॅडम, याला चौदा वर्षांखालच्या संघात अजून किती दिवस ठेवणार?" काही जण त्याही पुढे जातात. मुलाचे नाव आपल्या पटावर राहू द्यावे, मुलगा मात्र दिवसभर अकादमीत असेल, परीक्षेपुरता येईल, असे त्यांचे म्हणणे असते. इंदूरमध्ये याला 'डमी' म्हणतात आणि हा शब्द आता कुणी हळू आवाजातही उच्चारत नाही.

या सर्व पालकांना एकेकट्याला उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहावे असे वाटले. विश्वस्त मंडळासमोरही हा विषय येणार आहे, म्हणून माझे मत आधीच सांगून ठेवते.

मुलाला वरच्या संघात केव्हा न्यायचे, हा प्रश्न जगात सर्वांत जास्त पैसा लावून जिथे विचारला जातो तो देश अमेरिका आणि तो खेळ बेसबॉल. आपल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात, त्याचाच हा थोरला भाऊ. तिथे शाळा-कॉलेजातून निवडलेला मुलगा एकदम मोठ्या संघात जात नाही. मोठ्या संघांच्या हाताखाली 'मायनर लीग'चे संघ असतात, त्यांच्या पायऱ्या असतात आणि सर्वांत वरच्या पायरीला ट्रिपल-ए म्हणतात. बहुतेक मुले या पायऱ्यांवर काही वर्षे घालवतात, पुष्कळ तिथेच थांबतात. कुणाला केव्हा वर ओढायचे यावर तिथले क्लब रात्रंदिवस डोके लावतात. तरी चुका होतात, आणि त्या चुकांतून शिकण्यासारखे खूप आहे.

१९७३ ची गोष्ट. टेक्सास रेंजर्स हा क्लब वॉशिंग्टनहून टेक्सासमध्ये आलेला, संघ कमजोर, प्रेक्षक फिरकत नसत. त्या वर्षीच्या निवडीत त्यांना पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनी ह्यूस्टनच्या एका शाळेतला डेव्हिड क्लाइड नावाचा डावखुरा पिचर घेतला. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या गोलंदाजासारखा. वय अठरा. शाळेचा शेवटचा सामना खेळून महिनाही झाला नव्हता आणि २७ जूनला त्याला थेट मोठ्या संघातून उतरवले. मधली एकही पायरी नाही. त्या रात्री ३५,६९८ लोक आले, त्या मैदानाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळी तिकिटे संपली. रस्त्यावर गाड्यांची इतकी गर्दी झाली की सामना उशिरा सुरू करावा लागला. मुलाने पाच डाव चेंडू टाकले, आठ जणांना बाद केले आणि सामना जिंकला. मात्र सात जणांना वाईट चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले. जाणकाराने हा आकडा पाहून समजायला हवे होते की हात गुणी आहे, पण अजून ताब्यात नाही.

संघाचे मॅनेजर व्हायटी हर्झॉग यांचे म्हणणे होते की दोन सामने झाले, आता याला खाली पाठवून शिकू द्या. ठरलेही तसेच होते. परंतु मालकांना तिकीटखिडकीवरची रांग दिसली होती. क्लाइड वरच राहिला. त्या मोसमात चार विजय, आठ पराभव. पुढच्या वर्षी तीन आणि नऊ. मग खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, १९७९ मध्ये चोविसाव्या वर्षी तो मोठ्या लीगमधला शेवटचा सामना खेळला. एकूण १८ विजय, ३३ पराभव.

ही कथा ऐकली की पालक म्हणतील, म्हणजे मॅडमचे म्हणणे थांबा असेच दिसते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि हिंदीत म्हणतात तसे 'जल्दी का काम शैतान का' हे मलाही पाठ आहे. परंतु ही म्हण निम्मीच खरी आहे. उशीर करणाऱ्याचाही स्वार्थ असू शकतो.

क्रिस ब्रायंटचे उदाहरण घ्या. तेव्हा शिकागो कब्ज या क्लबचा हा तरुण फलंदाज होता. २०१५ च्या मोसमापूर्वीच्या सराव सामन्यांत त्याने नऊ होमरन मारले, इतके कुणीच मारले नव्हते. तरीही त्याला ट्रिपल-एला पाठवले. क्षेत्ररक्षण सुधारायचे आहे असे सांगितले गेले. १७ एप्रिलला वर बोलावले. आता यातला हिशेब पाहा. तिथल्या नियमात मोठ्या संघातले १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक पूर्ण वर्ष, आणि अशी सहा वर्षे भरली की खेळाडू क्लब बदलायला मोकळा. ब्रायंटचे दिवस भरले १७१. एका दिवसाने क्लबला तो आणखी एक वर्ष मिळाला. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली, कारण नियमात सर्व काही बसत होते. (आपल्याकडच्या सरकारी नोकरीतल्या मंडळींना हा एक दिवसाचा हिशेब नवा वाटणार नाही.) शेवटी २०२२ च्या करारात नियमच बदलावा लागला. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष धरायचे, आणि गुणी मुलाला वेळेवर वर आणणाऱ्या क्लबला काही अटींवर जादा निवडीचे बक्षीस द्यायचे, असे ठरले.

एकाला लवकर वर नेले, दुसऱ्याला उशिरा. दोन्ही वेळी तारीख ठरवली ती मुलाच्या तयारीने नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या फायद्याने. म्हणून कुणी मला वय विचारले की मी आधी विचारते, हा निर्णय कोण घेतो आहे आणि त्यात त्याला काय मिळणार आहे?

आणि मग दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माइक ट्राउट हा बेसबॉलचा अलीकडच्या काळातला फार मोठा खेळाडू. जुलै २०११ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो एंजल्स संघात आला. त्या वर्षी ४० सामन्यांत त्याची सरासरी .२२० होती, म्हणजे शंभरदा फलंदाजीला उभा राहिला तर बावीस वेळा यश. मोठ्या लीगमध्ये हे सामान्यच. मध्येच त्याला खाली पाठवले, पुन्हा बोलावले, आणि २०१२ चा मोसम त्याने पुन्हा ट्रिपल-एमध्येच सुरू केला. तिथे त्याने वीस सामन्यांत धूम केली. एप्रिलच्या शेवटी वर आला तो राहिलाच. ३० होमरन, ४९ चोरलेले बेस, आणि नवोदिताचा पुरस्कार एकमताने. त्याला खाली पाठवले तेव्हा कुणी 'संपला' म्हटले नाही. खाली त्याची जागा होती, वर त्याची वाट पाहिली जात होती, आणि मधली शिडी कुणी काढून घेतली नव्हती. क्लाइडला हीच शिडी वेळेवर मिळाली नाही.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. वरच्या संघात अपयश आले तर मुलाला लाज न वाटता परत येता येईल अशी जागा राखून ठेवली आहे का? असेल तर खुशाल पाठवा, थोडे लवकरही पाठवा. नसेल तर मुलगा कितीही गुणी असो, पाठवू नका.

आता ज्यांची उदाहरणे पालक देतात त्यांच्याकडे पाहू. सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी कराचीला कसोटी खेळला हे सर्वांना माहीत आहे. त्याआधी डिसेंबर १९८८ मध्ये तो मुंबईकडून रणजीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात शतक केले, हे कमी जण सांगतात. त्याच्याही आधीच्या मोसमात त्याला मुंबईच्या रणजी चमूत घेतले होते, पण खेळवले नव्हते. मोठ्यांमध्ये बसवले, वावरू दिले, घाई केली नाही. आणि वैभव? तो जानेवारी २०२४ मध्ये बिहारकडून रणजी खेळला होता, नंतर भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून खेळला. विशेष म्हणजे आयपीएलच्या त्या शतकानंतर तो त्याच वर्षी त्याच १९ वर्षांखालच्या संघाबरोबर इंग्लंडला गेला. एवढी टाळी मिळाल्यावरही त्याला त्याच्या वयाच्या मुलांत परत पाठवले गेले, ही बातमी मला शतकापेक्षा मोठी वाटली. पालक ती सांगत नाहीत.

आपल्या इंदूरचे म्हणाल तर नरेंद्र हिरवाणी. गोरखपूरहून क्रिकेटसाठी इथे आलेला मुलगा. जानेवारी १९८८ मध्ये चेन्नईला, एकोणिसाव्या वर्षी, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १६ बळी. पहिल्या चार कसोटींत ३६ आणि पुढच्या तेरांत ३०. कसोटीचे दार मिटत गेले, तरी मध्य प्रदेशाचा संघ होता, आणि त्यासाठी ते पुढे कितीतरी वर्षे खेळत राहिले. प्रथम श्रेणीत सातशेहून जास्त बळी घेतले. १६ बळींची सर्वांना आठवण आहे. मला तो सातशेचा आकडा जास्त आवडतो.

शरीराचाही विचार करावाच लागतो. हाडे गुण पाहून वाढत नाहीत. अमेरिकेत २०१४ पासून मुलांसाठी मार्गदर्शक आकडे आहेत: तेरा-चौदा वर्षांच्या पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावे, अकरा-बाराच्याने ८५, आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस. आपल्याकडे तेरा वर्षांचा वेगवान गोलंदाज सकाळी शाळेसाठी, दुपारी अकादमीत आणि रविवारी कुणाच्या तरी क्लबसाठी चेंडू टाकतो, आणि तिन्ही ठिकाणचे मिळून कुणी मोजत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेही २०२० मध्ये पंधरा वर्षांची किमान वयोमर्यादा घातली आहे, अपवादाची सोय ठेवून. वय पाहायचे ते एवढ्यासाठी.

आता आपल्या शाळेविषयी. विश्वस्त मंडळींना नम्र विनंती आहे की ढाल कपाटात यावी म्हणून चौदाखालचा मुलगा सतराखालच्या संघात खेळवण्याचा आग्रह धरू नये. टेक्सासच्या मालकांना जी रांग दिसली होती तिच्यात आणि आपल्या कपाटात फार फरक नाही. मुलगा खरोखर तयार असेल तर क्रीडाशिक्षकांनी तसे लिहून द्यावे, त्याने मोठ्यांबरोबर सराव करावा, सामनेही खेळावे, परंतु चौदाखालच्या संघात त्याचे नाव त्या मोसमभर कायम राहील. परत आला तर कुणी विचारणार नाही की का आलास.

वर्गाचेही तेच. राज्य किंवा त्याहून वरच्या स्पर्धेसाठी गेलेल्या मुलाची बुडलेली परीक्षा पुन्हा घेतली जावी, बुडलेले धडे शिक्षकांनी शाळा सुटल्यावर शिकवावे, आणि त्या शिक्षकांना त्याचे मानधन मिळावे, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. खर्च फार नाही. पण 'डमी' नाव मी पटावर ठेवणार नाही. एका अकादमीने आपल्या एका पालकांना सांगितले की शाळेत बसणारा मुलगा कधी वर जात नाही. त्या अकादमीला फी दरमहा मिळते. दोन वर्षांनी मुलाचा खांदा दुखला तर त्याला वर्गात बसायला बाक कोण देणार, हे तिने सांगितलेले नाही. तो बाक आपल्याकडे असतो आणि त्या बाकावर मुलगा अधूनमधून बसलेला असेल तरच तो त्याचा असतो.

यंदाच्या मोसमासाठी ज्यांना वरच्या गटात खेळण्याची परवानगी हवी आहे त्यांनी साधा अर्ज क्रीडाशिक्षकांकडे द्यावा. त्यात मुलगा किंवा मुलगी शाळेबाहेर आठवड्यात कुठे कुठे आणि किती वेळ खेळते हे खरे खरे लिहावे. भेटीला येताना मुलांना बरोबर आणावे. त्यांच्याशी मी थोडा वेळ एकटीने बोलेन, पालकांनी तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसावे.