उल्लेखांची मोजदाद आणि वैद्यक संशोधक

वैद्यक संशोधकाची योग्यता ठरविण्याची एक सोपी युक्ति अलीकडे विद्वानांस सांपडली आहे. त्यानें काय शोधिलें हें पाहण्याचें कारण नाहीं. त्याच्या निबंधांचा इतरांनीं आपल्या निबंधांत किती वेळां उल्लेख केला आणि त्याच्या सहीशेजारीं आणखी किती सह्या आहेत, एवढें मोजावें म्हणजे झालें. २००५ सालीं हर्श नांवाच्या एका पदार्थविज्ञानाच्या पंडितानें या कामीं एक निर्देशांक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक वीस. हिशेब इतका सुटसुटीत, कीं निवडसमितीला निबंध उघडून पाहण्याचे कष्टहि उरले नाहींत. आमचें म्हणणें असें कीं, या मापानें कामाचें वजन कळत नसून त्या विषयावर लिहिणाऱ्यांची शिरगणति तेवढी होते. आणि ज्या दुखण्यावर लिहिणारेच मूठभर, त्याच्या संशोधकाच्या पदरीं मूठभरच उल्लेख यावयाचे.

उदाहरण आमच्याच बाजूचें घेऊं. छत्रपति संभाजीनगराहून जालन्यास निघालें कीं वाटेंत करमाड लागतें. या शिवारांत राबणाऱ्या माणसाला साप-विंचवाचें भय कांहीं पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. येथून पुढें जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत देहेड म्हणून खेडें आहे, डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे तेथले. १९७६ सालीं ते कोंकणांत महाडजवळ बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रावर रुजू झाले. लाल विंचू चावलेले रोगी त्यांच्यापुढें येत. हातपाय गार पडत, घाम फुटे, फुप्फुसांत पाणी भरे आणि कित्येकांचा अंत होई. बावस्कर रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व हृदय यांच्या नोंदी करूं लागले. विषामुळें शरीरांतील ज्ञानतंतु खवळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या भारानें हृदय थकतें, असा हा प्रकार. १९८२ सालीं त्यांचीं निरीक्षणें लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रांत आलीं. पुढें रक्तदाबावरची प्राझोसिन नांवाची साधी गोळी त्यांनीं या रोग्यांस देऊन पाहिली आणि १९८६ सालीं तिचा वृत्तांत त्याच पत्रांत प्रसिद्ध केला. शंभरांत चाळीसांच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण एकाच्या आसपास आलें, असें त्यांच्या नोंदी सांगतात.

आतां या गृहस्थाला तराजूंत घाला. विंचूदंशावर लिहिणारे जगांत किती? विंचू चावतो तो अनवाणी चालणाऱ्याला, आणि अनवाणी चालणाऱ्यांचे रोग श्रीमंत देशांच्या प्रयोगशाळांत अभ्यासाला क्वचितच घेतले जातात. हृद्रोगावर किंवा कर्करोगावर एखादी मध्यम प्रतीची समीक्षा लिहिणारासहि या मापांत बावस्करांपुढें सहज जातां येईल. सहकार्याची गोष्ट तर आणखीच मौजेची. बावस्करांच्या कित्येक निबंधांवर दुसरी सही आहे ती त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची. सहकार्याचा नकाशा काढूं गेल्यास दोन ठिपके आणि मध्यें एक रेघ! उलट २०१५ सालीं पदार्थविज्ञानांतील एका निबंधावर ५१५४ लेखकांचीं नांवें आलीं. हर्शच्या हिशेबांत यांतल्या प्रत्येकाला त्या निबंधाचा सबंध वांटा मिळतो, तुकडा नव्हे.

शिवाय उल्लेख म्हणजे स्तुति नव्हे. वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचविणारा निबंध १९९८ सालीं याच 'लॅन्सेट'नें छापला आणि २०१० सालीं मागें घेतला. त्याचा निषेध करण्यासाठीं जगानें त्याचा जितका उल्लेख केला, तितका कित्येक सत्यनिष्ठ संशोधकांच्या जन्मभरच्या कामाचा झाला नसेल. मोजणाऱ्या यंत्राला निंदा आणि स्तुति यांतला फरक कळत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "आंकडा नको, तर मग वशिला हवा काय?" हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही उडवून लावणार नाहीं. समित्यांत जात, गट आणि सोयरीक यांचा जोर किती चालतो हें ज्याला ठाऊक नाहीं तो कॉलेजाच्या आवारांत कधीं शिरलाच नसावा. आंकड्यानें उपेक्षितालाहि कधीं न्याय मिळतो. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनीं पटकीचें विष जंतूंहून निराळें काढून दाखविलें १९५९ सालीं. येथल्या विद्वत्सभांना त्यांची आठवण झाली नाहीं, ते १९८५ सालीं वारले, आणि दुसऱ्या वर्षीं उल्लेखसूचीचा जनक यूजीन गारफील्ड यानेंच आपल्या सूचीच्या आधारें त्यांच्या कामाची थोरवी लिहिली. पण गारफील्डनें आंकडा पाहून निबंध मिटला नाहीं. आंकडा पाहून निबंध वाचला. आमच्या समित्या नेमकें उलट करतात. आणि आंकड्यानें वशिला जातो म्हणावें तर तेंहि खरें नाहीं. तूं माझा उल्लेख कर, मी तुझा करतों, ही देवघेव वशिल्याहून निराळी कशी?

अध्यापकाच्या बढतीला निबंधांची अट बसली, तसा निबंधांचा बाजारहि भरला. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं मासिकें निघालीं. ज्याच्या हातून रोगी तपासण्याचें काम चांगलें होतें, अशा तरुण डॉक्टरानेंहि रात्रीं बसून कोणी न वाचावयाचा मजकूर तयार करावा, अशी वेळ आली. निबंध छापणाऱ्या पत्राच्या वजनावरून माणसाचें मोल करूं नये, असा ठराव २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें शास्त्रज्ञांनींच केला. तरीहि मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराला पहिला प्रश्न निर्देशांकाचाच येतो.

आमची मागणी मोठी नाहीं. उमेदवारानें आपले पांच निबंध निवडून द्यावे आणि समितीनें ते वाचावे. मग करमाडसारख्या गांवच्या सरकारी दवाखान्यांत चौकशी करावी कीं, या माणसाच्या शोधानें येथल्या उपचारांत काय बदललें. बावस्करांनीं २०११ सालीं आपल्याच गोळीला प्रतिविषाची जोड देऊन रोगी लवकर बरा होतो हें दाखविलें. म्हणजे स्वतःचाच उपचार अपुरा ठरविला. असा मनुष्य कोणत्या रकान्यांत बसवावयाचा, हें निबंध वाचल्यावांचून ठरणार नाहीं. वाचावयास वेळ नाहीं असें जे सभासद म्हणतील, त्यांनीं समितीचा प्रवासभत्ताहि घेऊं नये.