विडीचा खोडवा राखू नका
— ऊस विकास अधिकारी



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. आजचा विषय विडी-सिगारेटचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाला या चौकशा कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

दोन हंगामांमागे, फेब्रुवारीत, एका सभासदांच्या प्लॉटची पाहणी करायला गेलो होतो. तोड तोंडावर आलेली. आम्ही दोघे बांधावर बसलो, एकेक विडी ओढली, टनेजचा अंदाज बांधला आणि उठलो. अर्ध्या तासात मागे धूर दिसला. वाळलेले पाचट ते, त्याला काय वेळ लागतो! वीस गुंठे ऊस डोळ्यांदेखत जळाला. जळीत उसाचे वजन घटते, साखर उतरते, तोड घाईने करावी लागते आणि बिलात कपात होते ती वेगळीच. अहवालात मी "आगीचे कारण समजले नाही" असे लिहून सही केली. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात गेलो आणि मनातले बोललो. ते म्हणाले, "साहेब, थोटकं दोघांनी टाकली. आता राखेत कुणाचं ते शोधत बसता का? सोडायची असंल तर दोघं मिळून सोडू." ऐकत उभा असलेला गटाचा चिटबॉय म्हणाला, "मग मला पण घ्या." असे आम्ही तिघे झालो. होळीचा मुहूर्त धरला आणि उरलेले कट्टे होळीत टाकले.

विडी सोडणे म्हणजे नुसती मनाची ताकद, असे आपण समजतो. तसे नाही. वर्षानुवर्षे निकोटिनची सवय लागलेले शरीर ते मिळेनासे झाले की काही तासांतच तक्रार करू लागते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. डोके जड, चिडचिड, झोप मोडलेली, कामात लक्ष नाही, भूक मात्र दुप्पट. कुणाचे पोट साफ होत नाही, कुणाचा खोकला उलट वाढतो. खोकला वाढला की लोक म्हणतात, "बघा, विडी सोडली आणि छाती बिघडली." खरे पाहता श्वासनलिका पुन्हा कामाला लागून आतला कचरा बाहेर काढू लागलेली असते. (मात्र खोकला रेंगाळला किंवा थुंकीत रक्त दिसले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.) ही तक्रार दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरते. उसाच्या उगवणीचा काळ आपण जसा डोळ्यांत तेल घालून सांभाळतो, तसा हा पहिला महिना सांभाळायचा असतो.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. तल्लफ आली की वाटते, आता ही दिवसभर छळणार. प्रत्यक्षात ती पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ काढला की उतरते. प्रश्न असा, की ती पाच मिनिटे एकट्याने काढणे जड जाते. तिथे सोबती लागतो.

आम्ही काही मोठी योजना केली नव्हती. सकाळी उठल्यावर पहिली विडी ओढायची वेळ, त्या वेळेला एकमेकांना फोन. खिशात विडीच्या जागी फुटाणे आणि आवळकाठी. टपरीवरचा चहा महिनाभर बंद, कारण चहाबरोबर हात आपोआप खिशात जातो. घरी सांगून ठेवले, की पंधरा दिवस माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. सौभाग्यवतींनी विचारले, "एरवी चढत नाही का?" तरी त्यांनी सांभाळून घेतले. तल्लफ आवरेनाशी झाली तर हात नुसता फोनकडे न्यायचा. पलीकडचा उपदेश करीत नसे. "मलाही आत्ताच आली होती," एवढेच म्हणे. तेवढे पुरे होई.

तरीही मी चौथ्या दिवशी घसरलो. माझे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. शिमग्याला आंबा घाट उतरून घरी गेलो होतो. पालखी घरोघर फिरत होती, रात्रभर ढोल. चुलतभावाने विडी पुढे केली, "वर्षाचा सण आहे, एक ओढलीस तर काय होतंय?" ओढली. मग लाज वाटली आणि वाटले, गेलेच आता सगळे, तर दुसरीही ओढू. उजाडता सभासदांना फोन करून कबूल केले. ते म्हणाले, "एकच ना? मग एक नांगी पडली म्हणायची. नांग्या भरतात, साहेब, प्लॉट मोडत नाहीत." मी त्यांना वर्षानुवर्षे नांग्या भरायला सांगत आलो, त्या दिवशी त्यांनी मला सांगितले.

आता काही आक्षेपांना उत्तर देतो. "विडी पानाची, म्हणून सौम्य," असे अनेक जण मानतात. हा भ्रम आहे. विडीत तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. विषारी धूर सिगारेटपेक्षा कमी जात नाही. दुसरे, विडी सोडून तंबाखूची चिमूट धरणारे पुष्कळ आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शेकडा ४ च्या आत, पण तोंडात तंबाखू धरणारे शेकडा २४ च्या वर आढळले. म्हणजे हा लेख मळणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. हुमणी मारायला लोकरी मावा सोडण्यात शहाणपण नाही.

माझे स्पष्ट मत असे, की व्यसन सोडायचे काम पोस्टरने होत नाही, सोबतीने होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनातून उठलेली माणसेच पुढच्याला हात देतात. आपण तर सहकारातले लोक. एकट्याला कारखाना काढता आला नाही, म्हणून शेअर गोळा करून काढला. मग हेच काम एकेकट्यावर का सोडावे?

माझ्या सूचना तीन. प्रत्येक गटात सोडू इच्छिणाऱ्या चार-पाच जणांची टोळी करावी आणि पहिला महिना एकमेकांना रोज विचारावे. त्यात तोडणी मजूर आणि गाडीवान यांनाही घ्यावे. फड त्यांच्याही पोटाचा आहे. गट कार्यालयात आणि सभेत धूर नको. २ ऑक्टोबर २००८ पासून कायद्यानेच तो बंद आहे, आपण पाळत नाही एवढेच. आणि ज्याला सोबती मिळत नाही त्याने तंबाखूच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर बोलावे, किंवा डॉक्टरांना विचारावे. निकोटिनचा च्युइंगगम वगैरे उपाय त्यांच्या सल्ल्याने घेता येतात.

आमच्या तिघांपैकी दोघे आज सुटलो आहोत. चिटबॉय सहा महिन्यांनी पुन्हा ओढू लागला. त्याला कुणी हसू नये. येत्या होळीला तो पुन्हा सोडणार आहे आणि सकाळचे फोन आम्ही पुन्हा सुरू करणार आहोत.

हा मजकूर छापायला देण्याआधी त्या सभासदांना वाचून दाखवला. अहवालातले ते वाक्यही त्यांना ऐकवले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "छापा. कुणाचा तरी ऊस वाचंल."

ऊस तुटला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पाणी मिळताच फुटतो. व्यसनाचेही तसेच. उसाचा खोडवा जरूर राखा, पाचट न जाळता कुजवा. विडीचा खोडवा मात्र राखू नका. आणि बुडखे काढायला एकटे जाऊ नका, शेजाऱ्याला हाक मारा.