पाठीमागे येणे म्हणजे प्रेम नव्हे

आमचे घोडेगाव म्हशींच्या आणि कांद्याच्या बाजाराचे गाव. पाखरे पाहायला इकडे कोणी येत नाही. पण गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांकडे फराळाला आलेला प्रत्येक पाहुणा हातात लाडू घेऊन परसात एक नवल पाहायला जात होता. त्यांच्या धाकट्याला श्रावणात शेततळ्याच्या काठी, गवतात, हळदी-कुंकू बदकाची आठ अंडी सापडली. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे ठिपके, तेच हे बदक. पोराने ती खुडूक कोंबडीच्या अंड्यांत मिसळून रवणीला ठेवली. कोंबडी एकविसाव्या दिवशी आपली पिल्ले घेऊन उठली. बदकाला आणखी काही दिवस लागतात, हे तिला कोण सांगणार? सात अंडी गार पडली. आठवे पोराने कापसात गुंडाळून विजेच्या दिव्याखाली ठेवले, ते फुटले. आता ते पिल्लू त्याच्या मागोमाग न्हाणीपर्यंत जाते!

"बघा गुरुजी, पाखरालासुद्धा माया कळते," शेजारी म्हणाले.

सणाच्या दिवशी कौतुकावर विरजण घालू नये, म्हणून मी गप्प बसलो. आज बसणार नाही.

ही माया नव्हे. कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने रानहंसाची अंडी उबवली. पहिल्या पिल्लाने डोळे उघडून त्यालाच पाहिले. त्याने ते पाळीव हंसीच्या पंखाखाली सरकवले, तर ते आक्रोश करीत पुन्हा त्याच्याकडे धावले. त्याने या प्रकाराला जर्मनमध्ये जो शब्द योजला त्याचा अर्थ नाण्यावर छाप उठवणे. १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. पहिल्या काही तासांत समोर जे हलते-बोलते दिसेल ते आई; मग तो माणूस असो, कोंबडी असो. आणि ही छाप सहजी पुसत नाही. परक्या जातीत वाढलेली नर बदके मोठेपणी जोडीदारही त्याच जातीत शोधू लागतात.

तेव्हा पोराला पाखरू मिळाले, पण पाखराला त्याची जात कायमची परकी झाली असेल. या व्यवहाराला माया म्हणायचे?

आमचे पुण्याचे भाचे मोठे वाचणारे. ते म्हणाले, "मामा, बिल लिशमनने १९९३ साली छोट्या विमानामागून अठरा हंस कॅनडातून अमेरिकेत नेलेच की!" नेले. पण त्याने छापेचा उपयोग पाखरांना वाट दाखवण्यासाठी केला, पाहुण्यांना दाखवण्यासाठी नव्हे. शेजाऱ्यांकडे विमान नाही, परसाला कुंपण मात्र आहे.

"नांगराखालीच गेली असती अंडी," हा दुसरा बचाव. तेवढा तुकडा चार आठवडे नांगरू नये! १९७२च्या वन्यजीव कायद्यात रानपाखराची अंडी हलवणे हीसुद्धा शिकारच धरली आहे. पण आपल्याकडे शिकारी म्हणजे बंदूकवाला, कापूस आणि दिवा घेतलेला तो दयाळू.

थंडी पडली की जायकवाडीच्या फुगवट्यावर हिमालयापलीकडून पट्टकादंब हंस उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. त्यांची त्या वर्षीची पिल्ले आईबापांबरोबरच असतात. मी शेजाऱ्यांच्या पोराला यंदा तिकडे नेणार आहे. लांबूनच पाहू. त्याने परवा विचारले, "गुरुजी, बदकालापण आणू?"

मी अजून उत्तर दिलेले नाही.