तास संपल्याची घंटा

‘प्राध्यापकांना काम ते काय? दोन तास शिकवले की मोकळे!’ हा समज आपल्याकडे फार जुना आहे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, महाविद्यालयांना कुलपे लागली, तेव्हा तर ‘आता घरबसल्या पगार’ असेही बोलले गेले. डॉक्टर म्हणून माझा अनुभव मात्र वेगळा आहे. त्या काळात प्राध्यापक मंडळींच्या तक्रारी ठरलेल्या असत : मान आखडणे, डोळ्यांची जळजळ, निद्रानाश आणि वाढलेला रक्तदाब.

याला केवळ मोबाईल कारणीभूत नव्हता. महाविद्यालयात तास संपल्याची घंटा होते, माणूस जिना उतरतो, चहा घेतो, संध्याकाळी घरी निघतो. शरीराला व मनाला तेवढीच विश्रांती मिळते. टाळेबंदीत ती घंटाच गेली. सकाळी ऑनलाईन तास, दुपारी बैठक, रात्री अकराला विद्यार्थ्यांच्या शंका! अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही, हा घोळ २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला आणि लगेच ऑनलाईन परीक्षांची धावपळ सुरू झाली. प्राध्यापक भगिनींचे हाल तर विचारूच नका. एकीकडे लॅपटॉप, दुसरीकडे गॅसवर कुकर आणि मुलांची शाळाही त्याच घरात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचे काम आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावे. किमान ठरले, पण जास्तीत जास्त किती? जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो.

टाळेबंदी उठली, रात्रीचे संदेश मात्र थांबले नाहीत. माझे स्पष्ट मत आहे, की प्राचार्यांनी संध्याकाळी सातनंतर कामाचे संदेश बंद करावेत. प्राध्यापकांनीही दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर नजर टाकावी, तासाभराने उठून चार पावले चालावे, झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. रक्तदाब वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा. विद्यार्थ्यांच्या शंका सकाळपर्यंत थांबू शकतात. वाढलेला रक्तदाब थांबत नाही.